कापसाचा बर्फ

यंदा थंडी आली ती सुनेच्या फोनवरून. इरा, माझी नात, बालवर्गात आहे. तिच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप आला की पुढचा आठवडा हिवाळ्याचा. सोमवारी पांढरे कपडे, मंगळवारी हिवाळ्याचं चित्रपुस्तक, बुधवारी बर्फाचा माणूस. त्यासाठी काळा कागद, डिंक आणि कापूस सोबत द्यावा. सून ऑफिसला निघता निघता म्हणाली, "आई, तेवढं इराकडून करून घ्याल का? तुम्हाला सवय आहे." सवय आहे हे खरंच. बालवाडीतच माझा जन्म गेला. पण हा निरोप आला तेव्हा गॅलरीत पापड वाळतील असं ऊन पडलं होतं आणि इरा बिनबाह्यांचा फ्रॉक घालून पंख्याखाली बसली होती.

थंडीचं मला कधीच फारसं कौतुक नव्हतं. गुलाबी थंडी, गुलाबी थंडी म्हणणाऱ्यांना एकदा पहाटे नळाच्या रांगेत घागर घेऊन उभं करावं, म्हणजे गुलाबी कुठं असते ते कळेल. नाकाच्या शेंड्यावर असते. टाचा उलतात, ओठ फाटतात, अंगाला साबण लावायला जीव धजत नाही. शिवाय आमची मराठवाड्याची थंडी धड थंडीही नाही. पहाटे दात वाजतात आणि दुपारी माणसं रसवंतीवर उसाचा रस पितात. सकाळी अंगात घातलेला स्वेटर दुपारी कमरेला बांधलेला आणि संध्याकाळी कुठंतरी विसरलेला, असा आमचा हिवाळा. दर वर्षी एक तरी स्वेटर बालवाडीत बेवारस राहायचाच.

तरी हिवाळा स्वतःच्या खुणा घेऊन येतो, हे नाकारत नाही. गंगापूरच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायला लागल्या की दोन्ही बाजूच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकत. टोपल्यांतून बोरं येत, टहाळ येई. शाळेत पोरांच्या खिशांत हरभऱ्याचे घाटे सापडत आणि हिरवी आंबट बोटं पाटीला लागत. पण हिवाळा खरोखर लागला की नाही, हे आमच्याकडं खोबरेल तेलाची बाटली सांगायची. सकाळी बाटली उपडी केली आणि तेल आलं नाही, म्हणजे हिवाळा. मग ती बाटली उन्हात ठेवायची, नाहीतर गरम पाण्याच्या लोट्यात उभी करायची आणि वेणीफणी खोळंबायची.

हे बाटलीचं काम आमच्या बालवाडीत गयाबाईंकडं होतं.

शहरातल्या उस्मानपुऱ्यात एका गल्लीच्या टोकाला आमची बालवाडी. लांबट खोली, खाली शहाबादी फरशी, वर पत्रे. पत्रे उन्हाळ्यात तापायचे आणि हिवाळ्यात गार पडायचे, म्हणजे बाराही महिने ते आमच्या विरोधात. शिकवायला मी, आणि मदतनीस गयाबाई. उंच, काटकुळ्या, हातात कायम काहीतरी: खराटा, लोटा, नाहीतर कुणाचं तरी गळणारं नाक. माहेर गंगापूरकडचं. नवरा गेल्यावर पोराला घेऊन शहरात आल्या आणि चार घरची धुणीभांडी करत त्याला बारावीपर्यंत पोचवलं. पोरगा, सुदाम, बारावी झाल्या झाल्या फौजेत भरती झाला. मी सांगतेय त्या वर्षी तो काश्मीरच्या बाजूला होता. नेमका कुठं ते त्यांना माहीत नव्हतं आणि त्याला सांगायची परवानगी नव्हती. कुणी विचारलं की त्या बोट आभाळाकडं करून म्हणायच्या, "वर हाय." मला ते ऐकवत नसे. मी म्हणायचे, "गयाबाई, उत्तरेला आहे म्हणा." त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायच्या.

सुदामचा फोन यायचा तो समोरच्या जब्बारभाईंच्या किराणा दुकानात. गल्लीत तेवढाच एक फोन. जब्बारभाईंची आयेशा आमच्याच बालवाडीत होती, कपाळभर बट आणि तोंडभर प्रश्न. जब्बारभाई गल्ला उघडा टाकून आमच्या दारात येत आणि हाक मारत, "गयाखाला, फोन! फौजी का फोन!" गयाबाई हातातलं टाकून धावत. मग घटकाभर वर्गात कुणाचंही नाक पुसलं जात नसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या ताई आल्या. ताई म्हणजे संस्थेच्या पर्यवेक्षिका, पुण्याच्या. बाई मनानं चांगली. पण उत्साह इतका की समोरच्याला धाप लागावी. येताना त्यांनी चित्रपुस्तकांचा गठ्ठा आणला होता. पुस्तकं कुठल्यातरी थंड देशातली, कुणी दान दिलेली. मूळ अक्षरांवर मराठी ओळींच्या पट्ट्या चिकटवलेल्या. पानं गुळगुळीत, चित्रं मोठाली, आणि सगळीकडं पांढरंच पांढरं. बर्फात बुडालेलं घर, लाल टोपीचा पोरगा, गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस, पेंग्विन, चाकं नसलेली गाडी. सोबत उपक्रमांचा कागदही होता. हातमोज्यांच्या जोड्या लावा, घडी घालून हिमकण कापा, पेंग्विनसारखं चाला, काळ्या कागदावर कापूस चिकटवून बर्फ तयार करा. ताई म्हणाल्या, "संक्रांतीच्या आधी मी पाहायला येईन हं. मुलं ऋतूंवर बोलती झाली पाहिजेत."

आता आमची पोरं बोलती नव्हती असं नाही. उलट बंद कशी करावीत हाच प्रश्न होता. हातमोज्यांचं चित्र दाखवलं तर सगळी एका सुरात ओरडली, "विकेटकीपर!" पेंग्विन पाहून एक म्हणाला, लग्नातला बँडवाला. त्या बिनचाकाच्या गाडीत लाल टोपीचा पोरगा बसलेला पाहून आयेशानं विचारलं, "बाई, बैल किधर गया?" मी सांगितलं, ही घसरत जाते, बैल लागत नाही. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू बाईंना आज बरं नाही. बर्फाच्या माणसाचं मात्र सगळ्यांना पटलं. माणसानं माणूस करावा यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. पोळ्याला मातीचे बैल करतोच की.

कापूस गयाबाईंनी आणला. भावाच्या शेतातला, पिशवीभर. त्यात सरकी, पानांचा चुरा, काड्या. सकाळच्या उन्हात दारात बसून त्या सरकी काढायच्या आणि पोरं भोवती बसून बोटांना तो कापूस गुंडाळून घ्यायची. खोलीभर तो कोरडा, धुळीचा, शेताचा वास. परवा इरासाठी मी मेडिकलमधून कापसाची गुंडाळी आणली. निळ्या कागदातली, स्वच्छ, कसलाच वास नसलेली. इरा पुंजके तोडून कागदावर लावत होती आणि मी नुसती बसून होते. तिनं मागच्या सुट्टीत मनालीला बर्फ पाहिलाय. "आजी, स्नो असा नसतो, तो टोचतो," असं तिनं मला सांगितलं. टोचतो, हे आमच्या बालवाडीत तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सुदाम हुरड्याला येणार होता. रजा मंजूर झाली होती. भावाच्या शेतात ज्वारी चिकात आली होती आणि गयाबाईंचं सगळं ठरलं होतं. अमक्या दिवशी गंगापूरची गाडी धरायची, शेतात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजायची, सोबत शेंगादाण्याची चटणी, दही, गूळ. हे त्या मला रोज सांगायच्या. रोज त्यात एखादा पदार्थ वाढायचा. आणि एका सकाळी जब्बारभाई दारात आले, पण त्यांनी हाक मारली नाही. आत येऊन हळूच सांगितलं, "खाला, फोन आया था. सुबह, दुकान खोलतेच. बोला, बर्फ गिरी है, रस्ता बंद है, अब्बी आना नै होता. बाद में फोन करता बोला, और कट गया."

गयाबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बर्फानं रस्ता बंद? बर्फाची गाडी उलटली असंल व्हय?"

मला आधी समजेना. मग समजलं. त्यांनी जन्मात बर्फ पाहिला तो हातगाडीवरचा. गोणपाटात गुंडाळलेली, भुशात ठेवलेली लादी, आणि उन्हाळ्यात ती फोडून रंगीत गोळे करणारा गाडीवाला. बर्फानं रस्ता बंद होतो म्हणजे तो गाडा रस्त्यात आडवा झाला असणार. दुसरं काय होणार? त्या पुढं म्हणाल्याही, "मग उचलत का न्हाईत? एवढी माणसं हायेत तिथं. फौज हाय."

मी कपाटातून ते पुस्तक काढलं. बर्फात खिडकीपर्यंत बुडालेल्या घराचं पान उघडलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "हे सगळं बर्फ आहे, गयाबाई. वरून पडतो. पावसासारखा, पण वाहून जात नाही. साचत जातो." त्यांनी पुस्तक हातात घेतलं नाही. हात पदराला पुसले, वाकल्या आणि पाहत राहिल्या.

"ह्ये समदं?"

"हो."

"आन् रस्ता कुठं हाय?"

"त्याच्या खाली."

त्यांनी बोटानं चित्रावरून रस्ता शोधल्यासारखं केलं. मग लाल टोपीच्या पोराशी बोट थांबलं. "ह्ये हसायलंय कशाला?" असं त्यांनी विचारलं.

समजावण्यासाठी मी तेलाची बाटली घेतली. म्हटलं, हे कसं गोठतं, तसं पाणी गोठतं तिथं. नदी, नळ, रस्त्यावरचा चिखल, सगळंच. हे मात्र त्यांना पटलं. तेलाशी त्यांचा रोजचा संबंध. "मग ऊन लागल्यावर मोकळं व्हतंय," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून त्यांनी एक नवीनच काम लावून घेतलं. आल्याबरोबर बाटली खिडकीत उन्हाला ठेवायची, आणि झाडता झाडता येऊन पाहायचं. तेल कडेनं सुटायला लागलं, मधला पांढरा गोळा हलायला लागला की त्या म्हणायच्या, "सुटलं बघा." आणि मग रस्त्याकडं एकदा नजर टाकून पुन्हा कामाला. मला त्याचा राग यायचा. कुणाच्या काळजीवर आपल्याकडं उपाय नसला की राग येतोच. मी म्हणायचे, "गयाबाई, इथल्या उन्हाचा तिथं काय संबंध?" त्या म्हणायच्या, "सूर्व्या तर एकच हाय ना, बाई?"

फोन आला नाही. आयेशा रोज सकाळी दारातूनच वर्दी द्यायची, "खाला, नै आया." कुणी विचारायच्या आधीच. एकदा तिच्या आईनं तिला दटावलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती काही न बोलता येऊन बसली. तर गयाबाईच तिच्याजवळ गेल्या. "नाय आला?" आयेशानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गयाबाईंनी तिच्या डोक्याला मूठभर तेल थापलं आणि म्हणाल्या, "रडू नको. उद्या यील."

काळ्या कागदांवर बर्फ वाढत चालला होता. पोरांना कापूस चिकटवायचा नाद लागला होता. कुणाचं घर, कुणाचं झाड, आणि कुणाचा नुसताच पांढरा ढीग, त्याला नाव काहीच नाही. गयाबाई पूर्वी कागद वाळायला घालताना एकेकाचं कौतुक करायच्या. आता त्या वेगळंच करायच्या. ज्या कागदावर रस्ता असेल, तिथला कापूस हळूच नखानं उचलायच्या. पोरांच्या लक्षात यायचं नाही. मी मात्र पाहिलं. तिकडं भावाच्या शेतात हुरडा पुढं गेला, दाणे टणक व्हायला लागले. भाऊ निरोप पाठवायचा, कणसं उतरू का? त्या सांगायच्या, एक पट्टा राहू दे. एका दुपारी पोरं गेल्यावर भांडी घासता घासता त्या एकदम म्हणाल्या, "बाई, पोरगं नाय आलं तर मी काय करू?"

ताई ठरल्याप्रमाणे संक्रांतीच्या आधी आल्या. भिंतीवर काळे कागद लावले होते. पोरं माकडटोप्या घालून ओळीनं बसली होती. त्या दिवशी दुपार बऱ्यापैकी तापली होती, पण ताईंना हिवाळा दिसला पाहिजे म्हणून टोप्या काढायच्या नाहीत असं मी बजावलं होतं. पोरं घामेजली होती. पेंग्विनची चाल झाली. त्यात बँडचा आवाज कुणीतरी तोंडानं काढलाच. हातमोज्यांच्या जोड्या बिनचूक लागल्या. ताई खूश. मग त्यांनी पुस्तक उघडून तेच पान पोरांसमोर धरलं.

"बाळांनो, हे पांढरं पांढरं काय आहे?"

"बर्फ!"

"शाब्बास! मग सांगा बरं, हा कोणता ऋतू?"

"उन्हाळा!"

एकही आवाज चुकार नाही. पत्रे हादरले. ताईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं, पोरांनी पुन्हा तितक्याच आनंदानं सांगितलं. ताई माझ्याकडं वळल्या, "अहो, महिनाभर काय शिकवलंत?"

"मी हिवाळाच शिकवलाय," मी म्हटलं. "पण बर्फ त्यांना माझ्याआधी गाडीवाल्यानं शिकवलाय."

आयेशा उठून उभी राहिली. ताईंना समजावून सांगणं तिला गरजेचं वाटलं असावं. "गाडी गरमी में आती ना, ताई. थंडी में गोला खाया तो अम्मी मारती." ताईंचं तोंड हसावं की रागवावं अशा बेतात आलं होतं, आणि तेवढ्यात दारातून हाक आली.

"गयाखाला! फोन! फौजी का फोन!"

गयाबाई माझ्या मागंच उभ्या होत्या. त्या धावल्या नाहीत. भिंतीला हात लावून आधी उभ्या राहिल्या, मग चालत गेल्या, आणि दाराबाहेर पडल्यावर धावल्या. चपला तशाच दारात. ताईंनी विचारलं, "या कुठं निघाल्या?" मी थोडक्यात सांगितलं. पुस्तक ताईंच्या मांडीवर उघडंच होतं. त्यांनी ते मिटलं.

गयाबाई आल्या त्या हसत आणि डोळे पुसत. "यायलाय! गाडीत बसायलाय म्हणला. दवाखान्यात व्हता म्हणं इतके दिवस."

"दवाखान्यात? का?"

"सर्दी," गयाबाई म्हणाल्या आणि त्यांना हसूच आवरेना. "सर्दी लागली व्हती म्हणला. एवढा घोडा झाला, आन् सर्दीनं दवाखान्यात! लहानपणी बी असंच. जरा गार वारा लागला की नाक चालू." जब्बारभाई दारातून म्हणाले, "अरे खाला, सर्दी तो सर्दी है. चाय पिलाओ सबको." आणि सगळ्यांना चहा त्यांनीच पाठवला. ताई त्या दिवशी आमच्या नावावर काहीच वाईट न लिहिता गेल्या. मला फार हलकं वाटलं होतं. सर्दीच ना, एवढंच माझ्याही डोक्यात.

मग तयारी काय विचारता! गयाबाईंनी गवती चहा आणला, सुंठ आणली, मिरे कुटले. गरम कपडे विकणाऱ्या तिबेटी बायका तेव्हा शहरात दुकानं मांडायच्या, त्यांच्याकडून मफलर आणला. ओव्याची पुरचुंडी करून ठेवली, तव्यावर गरम करून नाकाला शेकायला. छातीला लावायला कापूर घालून तेल केलं. एका पोराच्या नाकासाठी एवढा सरंजाम मी दुसरा पाहिला नाही. भावाला निरोप गेला की राखलेल्या पट्ट्यातली कणसं उतरव. दाणे हुरड्याचे राहिले नव्हते, पण ते सुदामला दाखवून मग ठरवायचं होतं.

तो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या त्याला बालवाडीत घेऊन आल्या. पोरांना फौजी दाखवायचा होता. आणि खरं म्हणजे पोरगा सगळ्या गल्लीला दाखवायचा होता. उंच, आईसारखाच काटकुळा. गळ्यात तो मफलर. रंग जाळल्यासारखा काळवंडलेला. चालताना जरा सावकाश. मला वाकून नमस्कार करायला लागला तेव्हा भिंत धरली. मी म्हटलं, प्रवासानं आखडला असेल.

आमच्याकडं कुणीही आलं तरी दारात पायताण काढायचं, ही पोरांनीच पक्की केलेली शिस्त होती. ताईंनाही त्यातून सूट नसे. सुदामनं बूट काढले, मोजे मात्र तसेच ठेवले. गयाबाई म्हणाल्या, "मोजे काढ की. फरशी बघ कशी उन्हानं गरम झालीय. पायाला बरं वाटंल."

"राहू दे आई."

"अजून सर्दी हाय व्हय?"

"हाय थोडी," तो म्हणाला.

पोरांनी त्याला मधोमध चटईवर बसवलं. तो पाय लांब करून बसला. प्रश्नांचा नुसता पाऊस. बंदूक कुठाय, विमानात बसला का, जेवायला काय देतात. तो एकेकाला नीट उत्तर देत होता. आवाज मऊ होता त्याचा. कुणीतरी ते पुस्तक आणून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि लाल टोपीचा पोरगा दाखवला. "काका, तिथं असं खेळतात?" त्यानं ते पान पाहिलं. गयाबाई खराटा हातात घेऊन उत्तराची वाट पाहत होत्या, पोरांपेक्षा जास्त. तो म्हणाला, "खेळतात की. लई खेळतात." आणि पान उलटलं. गयाबाईंनी खराटा पुन्हा फरशीला लावला.

आयेशाचं मात्र पुस्तकाकडं लक्ष नव्हतं. ती त्याच्या पायापाशी बसली होती आणि मोज्याशी खेळत होती. उजव्या मोज्याचं टोक तिनं चिमटीत धरलं, दाबलं, दुमडलं, पुन्हा सरळ केलं. मग वर बघून म्हणाली, "काका, ये आगे से खाली है."

त्यानं पाय ओढून घेतला. पण उशीर झाला होता. गयाबाईंच्या हातातला खराटा खाली पडला. त्या आल्या, त्याच्या पायाशी बसल्या आणि मोज्याला हात घातला. तो म्हणाला, "आई, नको. पोरं हायेत." त्यांनी ऐकलं नाही. तो मग हळूच म्हणाला, "दोनच बोटं गेलीत, आई. बर्फानं काळी पडली व्हती, काढावी लागली. माझ्यासंगचा एक तर..." फौजेच्या हिंदीत थंडीलाच सर्दी म्हणतात, हे मला त्या क्षणी कळलं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

गयाबाई रडल्या नाहीत. त्यांनी आधी डावा मोजा काढला. मग उजवा. दोन्ही पाय मांडीवर घेतले. त्यांचा विश्वास कुणाच्या सांगण्यावर नसावा, स्वतः पाहिल्याशिवाय. डाव्या पायाच्या अंगठ्याला हात लावून त्या म्हणाल्या, "एक."

आता आमच्या बालवाडीत बोटं मोजणं हा रोजचा खेळ. कुणी एक म्हटलं की बाकीच्यांनी गप्प राहायचंच नाही. पोरं सरसावून बसली आणि गयाबाईंच्या बोटाबरोबर मोजायला लागली. दोन, तीन, चार, पाच. मग उजवा पाय. जिथं होती तिथं गयाबाईंचं बोट टेकत होतं. सहा, सात, आठ. इथं गयाबाईंचा हात थांबला. पोरं थांबली नाहीत. मोजणं म्हणजे दहापर्यंत, मध्ये थांबतात हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. सगळ्या खोलीनं एका सुरात, मोठ्यानं म्हटलं, "नऊ! दहा!"

सुदामनं मान खाली घातली. गयाबाईंनी त्या रिकाम्या जागेवर तळहात ठेवला, तसाच दाबून धरला, आणि पोरांकडं बघून म्हणाल्या, "व्हय. धा."